शेणाच्या वासाचा हिशेब कोणी द्यायचा?

चार गायींच्या गोठ्याला वास येतो म्हणून कोणी पंचनामा करायला येत नाही, येऊही नये. पण एकाच ठिकाणी हजारो डुकरे कोंडली, त्यांचे मलमूत्र तळ्याएवढ्या खड्ड्यात महिनोन्‌महिने साठवले, की तो गोठा राहत नाही, कारखाना होतो. मूत्रातल्या युरियापासून अमोनिया सुटतो. हवेवाचून कुजणाऱ्या विष्ठेतून हायड्रोजन सल्फाइड. पहिल्याने डोळे चुरचुरतात, दम लागतो. दुसरा बंद खड्ड्यात उतरलेल्या माणसाचा जीव घेतो.

या वायूंची नोंद द्यावी की नाही, यावर अमेरिकेत मोठे भांडण झाले. त्या भांडणातल्या कायद्याचे मूळ आपल्या देशात आहे. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मारली. कारखान्यात काय साठवले आहे, हे शेजारच्या वस्तीला ठाऊक नव्हते. त्या धक्क्यानंतर १९८६ साली अमेरिकेने कायदा केला : घातक वायू मर्यादेबाहेर सुटला, तर स्थानिक आणि राज्याच्या आपत्कालीन यंत्रणेला कळवावे. अमोनिया व हायड्रोजन सल्फाइड यांची मर्यादा २४ तासांत १०० पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो. चार गायींचा गोठा या आकड्याच्या जवळपासही जात नाही.

पुढे काय झाले? २००८ साली तिथल्या पर्यावरण खात्याने शेतांना बरीचशी सूट दिली, पण या कायद्याखालची नोंद मोठ्या धंद्यांवर कायम ठेवली. मोठा म्हणजे ७०० दुभत्या गायी किंवा २५०० मोठी डुकरे. २०१७ साली न्यायालयाने ती सूट रद्द केली. तेव्हा मोठ्या धंद्यांच्या संघटनांनी ओरड केली की शेतकरी कागदांखाली गाडला जाईल. २०१८ साली संसदेने दुसऱ्या एका, १९८० च्या, कायद्यातून सर्व शेतांना वगळले. २०१९ साली खात्याने १९८६ च्या कायद्यातूनही सरसकट सूट दिली. शेजारी पुन्हा कोर्टाची पायरी चढले.

शेतकऱ्यामागे कागद लावू नका, हे आम्हीही वर्षानुवर्षे म्हणतो. इन्स्पेक्टर आला की हात पुढे करतो, हे कोणी आम्हाला शिकवायला नको. पण लहान शेतकऱ्याचे नाव पुढे करून लाख पक्ष्यांच्या मालकाने सुटावे, हे आम्हाला मान्य नाही. मोठ्या धंद्याच्या शेजारी राहतो तोही शेतकरीच. त्याच्या घराच्या खिडक्या बंद होतात, त्याच्या जमिनीला गिऱ्हाईक मिळत नाही. आणि नोंद म्हणजे बंदी नव्हे. रोज सुटणाऱ्या वायूसाठी तिथे यंत्र लावून मोजण्याची सक्ती नव्हती. अंदाजाने आकडा दिला तरी चालत होते. एवढेही जड झाले, ते आकडा उघडा पडेल म्हणून.

आपल्याकडेही हा प्रश्न आलाच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली पोल्ट्रीसाठी सुधारित सूचना काढल्या. करारावरच्या पोल्ट्रीत पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषधही कंपनीचे. शेड, कर्ज, वीजबिल आणि विष्ठा तेवढी शेतकऱ्याची! मग नोटीस कोणाच्या दारात येणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. रेषा जनावरांच्या संख्येवर ओढा. रेषेखालच्या शेतकऱ्याकडे एकही कागद मागू नका. रेषेवरच्याने नोंद द्यावी आणि ती गावाला वाचता यावी. पक्षी ज्याचे, हिशेब त्याचा. करार करणाऱ्या कंपनीने तो द्यावा.

जिल्हा बैठकीत पोल्ट्रीवाल्या भावांनी आपापले करारनामे घेऊन यावे. विष्ठेची जबाबदारी कोणत्या कलमात कोणाच्या गळ्यात घातली आहे, ते सर्वांसमोर वाचू. नोटीस येण्याआधी हे वाचलेले बरे.