एकशेएक्कावन्नावं युनिट

मध्य प्रदेशात घरगुती विजेचा एक नियम आहे. महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत राहिला, तर पहिल्या १०० युनिटांचे फक्त १०० रुपये. २०१९ साली ही सवलत ‘इंदिरा गृहज्योती’ होती, सरकार बदलल्यावर ती ‘अटल गृहज्योती’ झाली. पाटी बदलली, हिशेब तोच राहिला. १५१वं युनिट जळलं की सवलत हातची जाते आणि ते एक युनिट काहीशे रुपयांना पडतं. त्यामुळे उज्जैनमध्ये महिनाअखेर आली की पुष्कळ घरांत पंचांगाइतकंच मीटरकडेही लक्ष असतं.

गोपाळ मंदिराच्या मागच्या गल्लीत आमच्या मावशीचं घर आहे. तिथे हे खातं काकांकडे. मीटर जिन्याखाली, काच धुरकटलेली. काका टॉर्च घेऊन वाकतात, आकडा मोठ्याने वाचतात आणि मावशी तो गेल्या महिन्याच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर मांडते. शेवटच्या आठवड्यात इस्त्री बंद, मिक्सरच्या जागी खलबत्ता, रात्री फ्रिज बंद. फ्रिज बंद म्हणजे दूध नासायची धास्ती, म्हणून ते दोनदा तापवायचं. त्यात गॅस किती गेला हे कुणी विचारायचं नाही, तो हिशेब वेगळ्या वहीत असतो. अशा दिवसांत पाहुण्याने गीझर लावला की न्हाणीघराच्या दाराबाहेरून हाक येते, “अगं, आटप! मीटर पळतंय!”

इथून, परदेशातून, तिकडे गेलेल्या भाच्या-पुतण्यांना याचं भारी हसू येतं. परत आल्यावर पॉटलकमध्ये हा किस्सा साभिनय सादर होतो. हसायला माझी ना नाही. पण शेवटची पाच-सहा युनिटं जपून काहीशे रुपये राखणारा माणूस बावळट नसतो. त्याने नियम नीट वाचलेला असतो. क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर विमानाचं तिकीट काढणारे आपण त्याला हसायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

घरातली काटकसर विचित्र दिसते की नाही, हा प्रश्नच मला बिनकामाचा वाटतो. विचारायचं ते एवढंच, की तिचा त्रास कुणाच्या वाट्याला येतो? ज्याचे पैसे वाचतात तोच अंधारात वाकून मीटर बघत असेल, तर त्याने कुणापुढे लाजायचं कारण नाही. त्रास दुसऱ्याचा आणि बचत आपली, असं असेल तर खुशाल लाजावं. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. पहिल्या प्रकाराची लाज वाटते, दुसऱ्या प्रकाराला व्यवहार म्हणतात.

पहिल्या प्रकारातल्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत. टूथपेस्टची ट्यूब लाटण्याने सपाट करून मग कात्रीने उभी चिरणं. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवणं. दुधाची पिशवी पाण्याने विसळून ते पाणी कणकेत घालणं. तूप कढवून उरलेली बेरी पोळीला लावणं, दोडक्याच्या शिरांची चटणी करणं. उज्जैनमध्ये त्यात पाण्याची भर पडते. शहराचं पाणी मुख्यतः गंभीर धरणातून येतं. त्याची क्षमता २,२५० दशलक्ष घनफूट, आणि पाऊस रुसला की नळ एक दिवसाआड येतात. मावशीकडे आरओच्या यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्याची बारीक नळी ओट्याखालच्या बादलीत सोडली आहे. एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे दोन-तीन लिटर असं निघतं. ते फरशी पुसायला आणि संडासात जातं. नळी अधूनमधून निसटते, पाहुण्यांच्या पायाशी तळं साचतं, आणि मावशी लाजते. खरं तर त्या बादल्या उचलते तीच.

अलीकडे या सवयींना पर्यावरणाचा मुलामा देण्याची टूम आहे. मला ती पटत नाही. मावशीला विचारलं तर ती सरळ सांगेल की पैसे वाचतात, म्हणून करते. एवढं कारण भरपूर झालं, त्याला पृथ्वीची शिफारस कशाला हवी? शिवाय पर्यावरण म्हटलं की आधी एकसारख्या काचेच्या बरण्या विकत घ्याव्या लागतात.

प्रतिष्ठेचं म्हणाल, तर मावशीच्या घरापुढेच त्याचं उत्तर उभं आहे. बायजाबाई शिंद्यांनी बांधलेल्या गोपाळ मंदिरातले चांदीचे दरवाजे मूळ सोमनाथचे. ते गझनीला गेले आणि पुढे महादजी शिंद्यांनी लाहोरहून परत आणले, असं उज्जैनमध्ये सांगतात. खरं-खोटं इतिहासकारांनी बघावं. पण देवळाला जुने दरवाजे बसवले, याचं तिथे कुणाला कमीपण वाटत नाही. उलट ते आवर्जून दाखवले जातात. श्रीखंडाच्या डब्यात लोणचं भरलं, तर मात्र पाहुणे आल्यावर तो डबा मागे सरकवायचा!

आता दुसरा प्रकार. माळव्यात सकाळी पोहे-जिलबी खाल्ल्याशिवाय दिवस उजाडत नाही, आणि गाडीवर ते पोहे वर्षानुवर्षं वर्तमानपत्राच्या तुकड्यावर मिळत आले. द्रोणाचे पैसे वाचतात ते गाडीवाल्याचे, शाई जाते ती गिऱ्हाइकाच्या पोटात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने याविरुद्ध २०१६ साली इशाराही दिला. तळणीच्या तेलाचं तसंच. त्यातल्या, पुन्हापुन्हा तापवल्याने वाढणाऱ्या टोटल पोलर कम्पाउंड्सचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की हॉटेलवाल्याने ते वापरू नये, असा नियम २०१८ पासून आहे. घरच्या कढईला कोण इन्स्पेक्टर येणार? दिवाळीच्या चकल्यांचं काळं तेल गाळून ठेवणारी गृहिणी ते स्वतःही खाते हे मान्य, पण नातवंडंही खातात, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. इथे मी जुन्या पिढीच्या बाजूने बोलणार नाही.

भांडीवाल्या बाईचे खाडे कापणं हा आणखी एक नमुना. चार दिवस ताप आला म्हणून चार दिवसांचे पैसे कापले, हे हळदीकुंकवाला अगदी सहज सांगितलं जातं. त्याच बाईला कालची भाजी दिली की बचतही होते आणि दानही. हे ऐकून कुणी मान खाली घातलेली मी तरी पाहिली नाही.

आणि आपण? इथे परदेशात आपल्या घरी डिशवॉशर धुतलेली भांडी निथळायला असतो, दह्याच्या डब्यात कढीपत्ता असतो, झिपलॉकच्या पिशव्या धुऊन नळावर उपड्या वाळत असतात. गोरे शेजारी आले की पिशव्या आधी गायब होतात. त्या खुशाल राहू द्या. लपवायचंच असेल तर सासू-सासरे येणार म्हणून आणलेली ती हवेची गादी लपवा, जी ते परत गेल्यावर ‘पसंत पडली नाही’ म्हणून दुकानात परत जाते. मुदतीत परत केली, नियमात बसतं, असं यावर ऐकायला मिळतं. मावशीही नियमातच बसते. पण तिने दीडशेच्या आत राहायला खरोखर कमी वीज जाळलेली असते. इथे गादी पुरेपूर वापरलेली असते, आणि वर खोटं कारण सांगितलेलं असतं.

यापेक्षा मोठ्या बचतीबद्दल मात्र इथल्या मराठी मंडळात कुणी बोलत नाही. बाळ होतं, पाळणाघराचा खर्च घरभाड्याशी स्पर्धा करतो, आणि आई-बाबांना सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी बोलावलं जातं. ते गेले की दुसरे आई-बाबा. मी याला सरसकट शोषण म्हणणार नाही. नातवाला मांडीवर घ्यायची हौस खरी असते, आणि कित्येक आजी-आजोबा बोलावणं येण्याआधीच बॅगा भरतात. पण तारखा कोण ठरवतं ते बघा. बाळाच्या आईची रजा संपते तो दिवस, पाळणाघरात जागा मिळते तो दिवस आणि तिकीट स्वस्त असतं तो दिवस, या तिन्हींच्या बेरजेतून आजीचं वर्ष ठरतं.

उज्जैनच्या कार्तिक चौकातल्या एक काकू अशाच मे महिन्यात आल्या आणि नोव्हेंबरात गेल्या. उज्जैनमध्ये श्रावणी सोमवारी महाकालाची सवारी निघते. तिकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, पण शिंद्यांच्या काळापासूनच्या मराठी प्रथेमुळे सवारी भाद्रपदातही चालू राहते, म्हणजे आपला श्रावण संपेपर्यंत. काकूंच्या घरी भिंतीवर हिंदी लाला रामस्वरूप आणि मराठी कालनिर्णय ही दोन पंचांगं शेजारी शेजारी टांगलेली असतात, ते याचसाठी. त्या वर्षी त्यांचे दोन्ही श्रावण इथल्या बेसमेंटमध्ये बाळाचे कपडे घड्या घालण्यात गेले. मुलगा म्हणाला, सवारी यूट्यूबवर दिसते की. सून भली, तिला एकच अडचण वाटायची, सासूबाई पेपर टॉवेल धुऊन वाळत घालतात आणि मैत्रिणींसमोर फार ऑकवर्ड होतं.

मी काकूंना विचारलं, तारखा तुम्ही ठरवल्या असत्या तर कधी आला असतात? “गणपती विसर्जन करून,” त्या लगेच म्हणाल्या. उत्तर तयार होतं. विचारायला डॉलर लागत नव्हते, फार तर तिकीट थोडं महाग पडलं असतं.