समन्वय झाला, पण कोणत्या अटींवर?

बौद्ध धर्माचा विषय निघाला कीं आमच्याकडील सुशिक्षित मंडळी एक ठराविक प्रश्न टाकतात. हा धर्म जेथें गेला तेथील देवदेवतांशीं त्यानें मिळतें घेतलें. मग महाराष्ट्रांतील बौद्धांनींच तेवढा गौरी-गणपतीशीं अबोला कां धरावा? युक्तिवाद वरवर पाहतां बिनतोड दिसतो, आणि त्याचा पूर्वार्ध खराही आहे. परंतु करार झाला एवढें सिद्ध केल्यानें करारांतील अटी सिद्ध होत नाहींत. दस्तऐवज उघडून त्या वाचाव्या लागतात.

सिंहलद्वीपांतील कँडी येथें दरवर्षीं निघणारी एसला पेरहेर ही मिरवणूक घ्या. अग्रभागीं दंतधातूच्या मंदिराचा शृंगारलेला हत्ती मंजूषा घेऊन चालतो. त्याच्या मागून नाथ, विष्णु, कतरगम म्हणजे आपला कार्तिकस्वामी, आणि पत्तिनी या चौघांच्या देवालयांच्या मिरवणुकी येतात. कीर्तिश्री राजसिंहाच्या कारकीर्दींत, म्हणजे 1747 ते 1782 या काळांत, सयामहून आलेल्या भिक्षूंच्या सांगण्यावरून दंतधातूस हा अग्रमान मिळाला असें सांगतात. आणि गंमत अशी कीं हा राजा मदुरेच्या नायक घराण्याशीं संबंध असलेला, कुळानें शैव. विष्णूला तेथें कोणीं हांकून दिलें नाहीं. त्याला बुद्धशासनाचा रक्षक नेमलें. त्याला नैवेद्य आहे, नवस आहेत, मानकरी आहेत. निर्वाणाच्या प्रश्नांत मात्र त्याचा अधिकार चालत नाहीं.

ब्रह्मदेशांतील प्रकार याहून मौजेचा आहे. तेथील नाट हीं बहुतांशीं राजाच्या क्रोधानें वा आकस्मिक घातानें मेलेलीं माणसें. आमच्या खेड्यांतील मुंजा आणि वेताळ ज्यांस ठाऊक आहेत त्यांस तीं परकीं वाटणार नाहींत. अकराव्या शतकांत पगानच्या अनिरुद्ध राजास ही पूजा मोडतां येईना, तेव्हां त्यानें श्वेझिगोन स्तूपाच्या आवारांत नाटांस जागा दिली आणि त्या सर्वांच्या डोक्यावर सदतिसावा म्हणून शक्र, म्हणजे बौद्ध ग्रंथांतील इंद्र, बसविला अशी परंपरा आहे. आजही ब्रह्मी गृहस्थ विहारांत शील घेतो आणि घरीं नाटाला नारळ टांगतो. त्याला आपण दोन धर्म पाळतों असें वाटत नाहीं.

जपानांत हचिमान या देशी देवास आठव्या शतकाच्या अखेरीस महाबोधिसत्त्व ही पदवी मिळाली, आणि आमची सरस्वती तेथें बेंझाइतेन होऊन हातीं वाद्य घेऊन बसली. हजारांवर वर्षांचा हा सहवास 1868 सालीं सरकारी हुकुमानें तोडण्यांत आला. हचिमानास बोधिसत्त्व म्हणण्याची मनाई झाली. नारा येथील कोफुकुजी मठाचे भिक्षु कासुगा देवस्थानाचे पुजारी बनले. ठिकठिकाणीं मूर्ति व ग्रंथ यांची नासाडी झाली. शुद्धीकरण हा शब्द आम्हां सुधारकांच्या कानाला फार गोड लागतो, म्हणून हा दाखला मुद्दाम दिला आहे. देवांची फारकत करण्याचें काम सरकारचें नव्हे.

आतां घरचा दस्तऐवज पाहूं. येथेंही समन्वय झाला. पण तो बुद्धास विष्णूचा नववा अवतार करून झाला, आणि त्या अवताराचें प्रयोजन पुराणांनीं काय सांगितलें? तर असुरांस भुलवून वेदमार्गापासून दूर नेणें! म्हणजे कँडीस विष्णु बुद्धाचा रक्षक, आणि येथें बुद्ध विष्णूचें सोंग. नांवें तींच, पायऱ्या उलट. कार्ल्याच्या चैत्याच्या तोंडाशीं एकवीरा आहे, लेण्याद्रीच्या विहारांत गिरिजात्मज आहे. त्यांच्या भक्तांशीं आमचें भांडण नाहीं. ओसाड जागीं लोक देव बसवितातच. परंतु ज्याचें घर होतें त्याच्या वारसानें येऊन आपलें नांव सांगितलें, तर त्यास संकुचित कसें म्हणावें? 14 ऑक्टोबर 1956 रोजीं नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं दीक्षा घेतली ती आराकानांत जन्मलेल्या चंद्रमणि या वृद्ध भिक्षूच्या हातून, म्हणजे नाटांच्या मुलखांतून आलेल्या माणसाकडून. त्यानंतर त्यांनीं अनुयायांस ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांत बुद्ध हा विष्णूचा अवतार नव्हे, ही एक आहे. ती देवद्वेषानें घातलेली नाहीं; जुन्या करारांतील एक अट तिनें नाकारली आहे.

आणि ती कां नाकारावी लागली, हेंही सिंहलद्वीपच सांगतें. 1753 सालीं तेथें सयाम निकाय स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत त्याची उपसंपदा गोयिगम या वरिष्ठ जातीपुरती राहिली. इतरांस ब्रह्मदेशांतील अमरपुरापर्यंत समुद्र ओलांडून जावें लागलें. तेथून दीक्षित होऊन परतलेल्यांनीं 1803 पासून निराळा निकाय चालविला. नाटाला नारळ दिल्यानें संघ बुडाला नाहीं, पण जात आंत घेतल्यानें तो दुभंगला. देव घेतांना आम्ही फार चिकित्सा करतों, जात घेतांना मुळींच करीत नाहीं.

आमच्या कायद्यानेंही या घोळांत भर घातली आहे. घटनेच्या 25 व्या कलमाच्या स्पष्टीकरणांत हिंदु या शब्दांत बौद्धांचा समावेश केला आहे, तो सामाजिक सुधारणा व मंदिरप्रवेश यांविषयींच्या एका उपखंडापुरता. तेवढें एक वाक्य हातीं धरून लोक वाटेल तें सिद्ध करूं पाहतात. उलट, अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मात्र बौद्ध झालेल्यांस 1990 पर्यंत मिळाल्या नाहींत, कारण ते आतां हिंदु नव्हते! अवतारांच्या यादींत बुद्ध आमचा, आणि सवलतीच्या यादींत त्याचे उपासक परके, असा हा चौतीस वर्षांचा व्यवहार आहे.

तेव्हां भाद्रपदांत वर्गणीची पावती घेऊन बौद्ध शेजाऱ्याच्या दाराशीं जाणाऱ्या मंडळांस आमची विनंति एवढीच कीं त्यानें दिली तर घ्यावी, न दिली तर नमस्कार करून पुढच्या दाराशीं जावें, आणि जपान-ब्रह्मदेशाचे दाखले त्याला ऐकवूं नयेत.