तुमचं गाव साडेसहा कोटी वर्षांपूर्वी कुठे होतं?

सुट्टीत इंदूरची भाची घरी आली होती. वय वर्षं दहा. जेवताना तिने विचारलं, "मामा, आमच्या इंदूरकडे डायनोसॉर होते का गं... म्हणजे होते का रे?" मी "नसावेत" म्हणून मोकळा झालो आणि आमटीकडे वळलो. तिने आईचा मोबाइल घेतला आणि पाच मिनिटांत मी तोंडघशी पडलो. इंदूरला लागून असलेल्या धार जिल्ह्यात डायनोसॉरची तब्बल 92 घरटी आणि 256 अंडी नोंदवली गेली आहेत. 2023 साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात तो शोधनिबंध आला. तो फोटोंसकट कुणालाही फुकट वाचता येतो.

तेव्हापासून आम्हा दोघांना नाद लागलाय. तुम्हालाही लागावा, म्हणून आजचा हा लेख.

सुरुवात 'एन्शंट अर्थ ग्लोब'पासून करा. इयान वेबस्टर यांनी बनवलेला हा फिरता पृथ्वीगोल आहे आणि तो ख्रिस्तोफर स्कोटीज या भूवैज्ञानिकांच्या नकाशांवर आधारलेला आहे. त्यात आपल्या शहराचं नाव टाकायचं आणि काळ निवडायचा. मी पुणं टाकलं आणि 66 मिलियन वर्षं मागे गेलो. पुणं चक्क विषुववृत्ताच्या दक्षिणेला! सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, त्याच सुमारास लाव्ह्याच्या थरांवर थर साचून तयार होत होता. 90 मिलियनवर गेलात तर भारत मादागास्करच्या शेजारी दिसतो. हिमालयाचा पत्ताच नाही.

हो, आकड्यांचा घोळ आधी सोडवून घ्या. एक मिलियन म्हणजे दहा लाख. म्हणून 66 मिलियन म्हणजे 6 कोटी 60 लाख. मुलांना हे एकदा सांगितलं की पुढे ती आपल्याला दुरुस्त करतात.

नकाशा पाहून झाला की 'पॅलिओबायोलॉजी डेटाबेस' उघडा. त्यातल्या 'नेव्हिगेटर' भागात जगाचा नकाशा आहे आणि त्यावर रंगीत ठिपके आहेत. प्रत्येक ठिपका म्हणजे जीवाश्म सापडल्याची नोंद, रंगावरून काळ कळतो. भारतावर झूम करा. चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा मला यासाठी फार आवडतं. तिथे डायनोसॉरच्या शेणाचे दगड झालेले गोळे मिळाले, आणि त्यात गवताचे सूक्ष्म अवशेष. डायनोसॉरच्या काळात गवत होतं, हे 2005 मध्ये त्यावरून पुढे आलं. शेणातून एवढं विज्ञान निघतं म्हटल्यावर भाची दोन दिवस हसत होती. हा नकाशा मोबाइलवर जरा अवघड जातो, घरी संगणक असेल तर त्यावरच बघा.

इंग्रजी शब्दांशी अडलात तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहेच. 'जीवाश्म' शोधा आणि तिथून पुढे भटका. आपल्या पायाखालचा खडक नेमका कोणता, हे बघायचं असेल तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं 'भूकोश' पोर्टल आहे. आणि कोलकात्यातल्या वाचकांनी मोबाइल खिशात ठेवून भारतीय सांख्यिकी संस्थेचं संग्रहालय गाठावं. गोदावरीच्या खोऱ्यात सापडलेल्या बारापासॉरसचा सांगाडा तिथे उभा आहे. त्याचं पूर्ण नाव बारापासॉरस टागोरी, रवींद्रनाथांवरून ठेवलेलं. बंगालीत 'बडा पा', म्हणजे मोठा पाय!

आता एक गंमत, आणि जरा सावधगिरीची गोष्टही. भोपाळजवळच्या भीमबेटकाच्या गुहेत 'डिकिन्सोनिया' या सुमारे 55 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा ठसा सापडला, अशी बातमी 2021 मध्ये गाजली. शोधनिबंध रीतसर छापून आला होता. वर्तमानपत्रं आनंदली, आमच्या कौटुंबिक ग्रुपवरही ती तीनदा फिरली. पुढे फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट आणि सहकारी तिथे गेले. जवळून पाहिलं तर तो ठसा खडकात नव्हताच, खडकाला चिकटलेला होता. आग्या मोहोळाचा जुना, झिजलेला अवशेष! मूळ दावा करणाऱ्या ग्रेगरी रिटॅलॅक यांनीही चूक मान्य केली.

आता मुख्य मुद्दा. ती 2021 ची बातमी आजही इंटरनेटवर तशीच आहे. पान खोटं नाही, फक्त जुनं आहे, आणि जुन्या पानावर कुणी 'हे नंतर चुकीचं ठरलं' अशी पाटी लावायला जात नाही. म्हणून आमच्याकडे आता एक रीत पडली आहे. काही भन्नाट सापडलं की भाची आधी तारीख बघते, मग त्याच नावाने त्यानंतरचं काही आलंय का ते शोधते. परवा तिने मला फोनवर विचारलं, "मामा, ती धारची अंडी अजून अंडीच आहेत ना?"

मी तपासून सांगितलं. आहेत.