फेकलेले फळ, जाळलेले पाचट



भाव पडला की केळी-पपई बांधावर ओतायची आणि ऊस तुटला की पाचट पेटवायचे, हे आम्ही शिवारात फिरताना नेहमी पाहतो. दोन्ही खतच आहे! नुसते फळ पाणचट, त्याच्या ढिगावर फळमाशी वाढते. नुसते पाचट कोरडे, लवकर कुजत नाही. म्हणून खड्ड्यात तळाला जाड पाचट, वर फळ, असे थर द्या. शेणकाला शिंपडा, मातीने झाका, महिन्याने खाली-वर करा. तीन-चार महिन्यांत खत होते. बुडालेला भाव यातून निघणार नाही, हे खरे. पण मळीपासून अल्कोहोल, बगॅसपासून वीज साखर कारखान्यांनीच केली ना? मग फळाने काय घोडे मारले? यंदा पाचटाला काडी लावू नका.