स्मारकाआधी उतारा

गोव्यात झुआरी नदीच्या काठी, सांकवाळ येथे, एका चर्चची केवळ दर्शनी भिंत उभी आहे. आरोग्यमातेचे हे चर्च 1834च्या सुमारास आगीत भस्मसात झाले. उरलेली भिंत आज राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. संत जोसेफ वाझ यांनी 1677मध्ये मेरीमातेला आपले दास्यपत्र अर्पण केले ते याच चर्चमध्ये. म्हणून ख्रिस्ती समाजाची या जागेवर श्रद्धा आहे. हिंदू समाजाची श्रद्धा त्याहून जुनी आहे. सांकवाळची विजयादुर्गा केरीला आणि लक्ष्मीनृसिंह वेलिंगला गेले ते स्वेच्छेने नव्हे. तत्कालीन सासष्टीत 1567मध्ये पोर्तुगीजांनी देवळांचा विध्वंस मांडला, तेव्हा भाविकांना आपली दैवते फोंड्याकडे न्यावी लागली.

आता याच जागेच्या मालकीवरून दोन्ही बाजू समोरासमोर आहेत. जळालेल्या चर्चची स्मृती तेथे जपावी, असे एक पक्ष म्हणतो. हे देवीचे मूळ स्थान आहे, असे दुसरा.

अशा वेळी पालघरच्या किनाऱ्याने स्वतःचा इतिहास आठवावा. सातपाटीलगतचा शिरगावचा किल्ला, केळवे-माहीम आणि तारापूर ही ठाणी मराठ्यांनी जानेवारी 1739मध्ये जिंकली. तारापूरला बाजी भिवराव धारातीर्थी पडले. मे महिन्यात वसई हाती आली, तेव्हा विजयाच्या त्या क्षणीही चिमाजी अप्पांनी तहात ख्रिस्ती प्रजेच्या धर्माचरणाला अभय दिले. देवळे फोडणाऱ्या सत्तेचा हिशेब चुकता करताना रयतेचा धर्म वेठीस धरायचा नाही, ही ती राज्यनीती होती.

न्यूयॉर्कचे उदाहरणही बोलके आहे. 2001च्या हल्ल्यात जागतिक व्यापार केंद्राचा मनोरा कोसळून सेंट निकोलस हे छोटेसे ग्रीक चर्च गाडले गेले. त्याच्या जागेवरून बंदर प्राधिकरणाशी वाटाघाटी फिसकटल्या आणि प्रकरण न्यायालयात गेले. 2011मध्ये जागेचा करार झाला, त्यानंतरच बांधकामाला वाट मिळाली. 2022मध्ये नव्या वास्तूचे पवित्रीकरण झाले.

सांकवाळलाही दुसरा मार्ग नाही. गोवा सरकारने पोर्तुगीजकालीन दस्तऐवज, कोमुनिदादच्या नोंदी आणि एक-चौदाचा उतारा, म्हणजे तेथील सातबारा, जनतेसमोर मांडावा. न्यायालय ठरवील ती मालकी सर्वांनी शिरोधार्य मानावी. तोवर या संरक्षित जागेवर कोणीही नवे काही उभारू नये. क्रूसही नाही आणि मूर्तीही नाही.

भिंत मात्र राहावी. तिच्याजवळच्या फलकावर जोसेफ वाझ यांचे नाव असावे आणि सांकवाळ सोडावे लागलेल्या देवांचेही. पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केलेल्या देवळांसाठी 2022च्या अर्थसंकल्पात 20 कोटी रुपयांची तरतूद करणाऱ्या सरकारला, पूर्ण सत्य सांगणारा एक फलक लावणे जड जाऊ नये.