विज्ञान फळ्यावर नको, मुलांच्या हातात द्या!

वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी जोपासणे हे प्रत्येक भारतीयाचे मूलभूत कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ५१ क (ज) सांगते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हे कर्तव्य संविधानात आले. पण त्याची सवय कोणत्या वयात लावायची? आमचे मत स्पष्ट आहे. पहिलीच्या वर्गात! आणि ती सवय फळ्यावरची व्याख्या उतरवून लागत नाही. वस्तू हातात घेऊन, मोजून, चुकून, पुन्हा करून बघूनच ती लागते.

पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी हे आदिवासी तालुके डोळ्यांसमोर ठेवून आम्ही हे लिहीत आहोत. इथले सात वर्षांचे वारली पोर चिंबोरीचे बीळ ओळखते, मोहाची फुले वेचते, आवणीच्या चिखलात आईबरोबर उतरते. तेच पोर शाळेत आले की 'कच्चे' ठरते. जातिव्यवस्थेने हाताने राबणाऱ्याला पुस्तकापासून दूर ठेवले आणि पुस्तकवाल्याच्या हाताला कधी माती लागू दिली नाही. हात आणि डोके यांची ही फारकत आमच्या शाळांनी तशीच पुढे चालवली. बालपणी बाबासाहेबांना शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले, पाण्याच्या नळाला हात लावता आला नाही. 'शिवू नको' या आज्ञेची झळ सोसलेल्या समाजाला 'हात लावून बघ' म्हणणाऱ्या शिक्षणाचे मोल आम्ही वेगळे काय सांगावे?

हा प्रयोग या मातीला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली. तिचे नावच कुरणशाळा! मुलाचे जगणे हेच शिकवण्याचे साधन, हा त्यातला धडा. आज गरज आहे ती वर्षभराच्या लेखी नियोजनाची.

आमची सूचना अशी. आठवड्याला एक तास, पहिली ते चौथी एकत्र. लहानांनी बघावे, मोजावे, चित्र काढावे. मोठ्यांनी नोंद लिहावी. दोन शिक्षकांच्या शाळेलाही हे झेपेल. क्रम मात्र गावाच्या हंगामाचा हवा.

जूनमध्ये भाताचे बियाणे. एक लिटर पाण्यात तीस ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात टाकावे. पोकळ दाणे तरंगतात, भरलेले तळाशी जातात. मग दोन्ही वेगवेगळे पेरून कोणते किती उगवले ते मुलांनीच मोजावे. जुलैत पाऊस. सरळ उभ्या बाटलीचे तोंड कापून तेच उलटे बसवले की पर्जन्यमापक तयार होतो. तळाशी खडे घालून शून्याच्या रेघेपर्यंत पाणी भरावे आणि रोज ठरल्या वेळी वाढलेली उंची भिंतीवर मांडावी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओढ्याचे पाणी फडक्यातून, मग वाळूतून गाळावे. स्वच्छ दिसणारे पाणी सुरक्षित असतेच असे नाही, ते उकळावे लागते, हे इथे शिकवावे. हिवाळ्यात काठीची सावली, फेब्रुवारीत डहाणूच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटी, एप्रिलमध्ये माठातले पाणी गार का होते याचा शोध.

पण दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बोटींवर, गुजरातेत कामाला जातात. मुलेही त्यांच्यामागे जातात. म्हणून पाणी आणि आरोग्याचे धडे दिवाळीपूर्वीच संपले पाहिजेत. जे मूल जाणारच, त्याच्या दप्तरात वही आणि काठी द्यावी. सावली भट्टीवरही पडते! दर आठवड्याला भर दुपारी ती मोजली तर डिसेंबरच्या अखेरीस सर्वांत लांब झालेली दिसते आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात साडेबाराच्या सुमारास ती काठीखालीच नाहीशी होते. अर्थात ही वही हंगामी वसतिगृहाला पर्याय नव्हे. ती मागणी आम्ही सोडलेली नाही.

आणखी एक धडा या भागानेच समोर ठेवला आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले. लोक थंडीत घराबाहेर झोपले. फेब्रुवारी २०१९ मध्ये धक्क्याच्या वेळी पळताना पडून एका दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. ज्यांच्या पायाखालची जमीन हलते, त्या मुलांना ती का हलते हे सांगायला नको? दोरीला टांगलेला दगड, पसरट भांड्यातले पाणी, धक्क्याची वेळ टिपणारी वही आणि मोकळ्या जागेत जाण्याचा सराव. भीतीवर याहून चांगले औषध नाही.

कोणी म्हणेल, आदिवासींचे पारंपरिक ज्ञान पुरेसे आहे. आम्ही त्याची थट्टा करत नाही, पूजाही करत नाही. रानभाज्यांची ओळख तपासून घ्यावी आणि टिकवावी. पण साप चावल्यावर भगताकडे वेळ घालवला तर मूल दगावते, हेही पावसाळ्यातच स्पष्ट सांगावे.

कायदा आपल्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ नुसार अभ्यासक्रमात कृतीतून व शोधातून शिकणे, शक्य तेथे मातृभाषेतून शिकणे आणि भीतीमुक्त वातावरण यांचा विचार झालाच पाहिजे. पाचवीपर्यंत वर्षाला किमान दोनशे दिवस शाळा भरली पाहिजे. कलम २१ च्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. कलम २२ नुसार ही समिती शाळा विकास आराखडा तयार करते. विज्ञानाचे वर्षभराचे नियोजन या आराखड्यात लिहून घ्या. वर्षातून एकदा येऊन प्रयोग दाखवणाऱ्या, फोटो काढून निघून जाणाऱ्या गाडीवर विसंबू नका. लिहिलेले असेल तर विचारता येते. न लिहिलेल्याचा जाब कोणालाच देता येत नाही.

चळवळीत आज शेकडो निवृत्त शिक्षक, अभियंते, परिचारिका, वकील आहेत. जयंतीच्या मंडपात आपण वह्या वाटतो, ते चांगलेच आहे. पण एकेकाने एकेक शाळा निवडावी, तिथल्या समितीच्या बैठकीला बसावे आणि महिन्यातून एक तास मुलांबरोबर मातीत हात घालावा. 'कशावरून?' असे विचारणारे मूल उद्या भगताला विचारील, पुढाऱ्याला विचारील, सरकारलाही विचारील. शिकण्याचा अर्थ तोच आहे!