तान्ह्या बाळांच्या फुफ्फुसांसाठी मागणीपत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : फुफ्फुसाचा जन्मजात दोष असलेल्या बाळांना दुर्बिणीची शस्त्रक्रिया वेळेत मिळणेबाबत.

महोदय,

आमच्या संघटनेतल्या एका आईच्या पिशवीत बाळाचे चार एक्स-रे आहेत. तीन केसपेपरांवर 'न्यूमोनिया' लिहिले आहे. चौथ्यानंतर सीटी झाला, तेव्हा कळले की डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या खंडात जन्मापासूनच पुटी आहेत. हाच 'सीपॅम'. गरोदरपणी पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत गाठ दिसली होती; पुढच्या वेळी दिसेना, म्हणून 'विरघळली' असे सांगितले गेले.

असा खंड आता तीन ते पाच मिलिमीटरच्या तीन-चार छिद्रांतून काढता येतो. बरगड्या फाकवल्या, तर वाढत्या वयात कणा वाकण्याचा धोका राहतो. दुर्बिणीने तो कमी होतो. मात्र वारंवार संसर्ग झाला की फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटते आणि दुर्बीण घालूनही छाती उघडावी लागते. उशिराची किंमत ती हीच.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरमधून सुरू झाला. त्याच्या यादीतल्या नऊ जन्मदोषांत हृदय आहे, फुफ्फुस नाही. म्हणून आमच्या मागण्या :

१. राज्याच्या तपासणी यादीत फुफ्फुसाचे जन्मदोष घ्यावेत.

२. गर्भात गाठ दिसल्यास माता-बाल संरक्षण कार्डावर नोंद व्हावी. जन्मानंतरचा एक्स-रे स्वच्छ दिसला तरी पहिल्या काही महिन्यांत सीटी मोफत व्हावा. लक्षणे नसलेल्या बाळाची शस्त्रक्रिया करावी की नुसते लक्ष ठेवावे, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. पण ते ठरवायलाही आधी निदान हवे.

३. एकाच जागी दुसऱ्यांदा न्यूमोनिया झाल्यास बाळाला बालशल्यविशारदांकडे पाठवावे. जन्मतः फुगलेला खंड न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर साठलेली हवा) समजून छातीत नळी घातली, तर बाळाच्या जिवावर बेतते. हे जिल्हा रुग्णालयांच्या प्रशिक्षणात यावे.

४. प्रत्येक महसूल विभागात एक केंद्र असावे. तिथे तान्ह्यांच्या मापाची उपकरणे तर हवीतच, पण एका फुफ्फुसावर श्वास चालू ठेवू शकणारे भूलतज्ज्ञही हवेत. कॅमेरा विकत मिळतो, भूलतज्ज्ञ घडवावा लागतो.

५. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या शस्त्रक्रियेचा दर साहित्यासह स्पष्ट असावा. दुर्बिणीने सुरू करून छाती उघडावी लागली, तरी दावा अडवू नये. तो निर्णय अपयश नव्हे, बाळाचा जीव जपणे आहे.

त्या आईच्या बाळाचेही तसेच झाले : छिद्रांतून सुरुवात, छाती उघडून शेवट. बाळ आता बरे आहे. पाचव्या महिन्यातला तो कागद कुणी जपून पुढे धाडला असता, तर कदाचित वण एवढा लांब नसता.

आपले,
अध्यक्ष व सदस्य पालक